चौदा नंबरची चकती

४ मे, सोमवार

टेगनने आज ऑफिसात बोलावून घेतलं. टेगन आमच्या वसाहतीची मॅनेजर. वय तीस-बत्तीस, आणि आम्हा साठ म्हाताऱ्यांशी असा आवाज चढवून बोलते, जणू आम्ही सगळे ठार बहिरे. म्हणाली, नोएलीन, मे लागला, म्हणजे आपला हिवाळा आला. आता लोक दारं लावून टीव्हीपुढे बसतील आणि सप्टेंबरात काठ्या टेकत बाहेर येतील. तू पस्तीस वर्षं शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवलंस, आता यांना हलव. मी म्हटलं, हलवते, पण माझ्या पद्धतीने. मध्ये मध्ये करायचं नाही.

जेवणघराच्या भिंतीवर देशाचा नकाशा लावलाय. दक्षिण टोकाच्या आपल्या बेटाच्या किनाऱ्यावरून निघायचं ते थेट उत्तर टोकाच्या डार्विनला पोचायचं. सगळ्यांची रोजची चाल एकत्र मोजायची आणि नकाशावरची टाचणी तेवढी पुढे सरकवायची. मध्ये सामुद्रधुनी पडते, ती पोहण्याच्या तलावात पार करायची, मग पुढचा रस्ता पायी. टेगनने विचारलं, डार्विनच का? म्हटलं, लांब आहे म्हणून. माझा मुलगा ग्रॅहम तिथे राहतो हा काही मुद्दा नाही. तो कामात असतो, मला माहीत आहे.

सकाळची फेरीही मी मागून घेतली. प्रत्येक दाराच्या बाहेरच्या मुठीला चकती आहे, एक बाजू लाल, एक हिरवी. संध्याकाळी लाल करायची, सकाळी उठलं की हिरवी. साडेआठपर्यंत लाल दिसली तर दार वाजवून बघायचं, माणूस धड आहे ना. आजवर ऑफिसातून कुणीतरी हे करायचं. नाहीतरी आमचा घोळका सगळ्या दारांवरून जाणार, तर रोज खुणा करायचा कागद माझ्याच हातात बरा. टेगनने लगेच दिला.

६ मे, बुधवार

अकरा जण आले. थंडी मरणाची. शेजारची ग्लेनिस गुलाबी बूट घालून आली आणि पहिल्या वळणापर्यंत बुटांचीच गोष्ट सांगत होती. तिला म्हटलं, ग्लेनिस, तोंडाची पावलं मोजत नाहीत.

सगळ्या चकत्या हिरव्या, फक्त चौदा नंबरची लाल. तिथे क्लेम हॅदरली राहतो. एक्क्याऐंशीचा आहे, बायको जाऊन तीन वर्षं झाली. चाळीस वर्षं त्याने गाडीतून गावभर घरोघरी पाव पोचवला. मी दार वाजवलं. उघडायला इतका वेळ लावला की मी पुन्हा वाजवायला हात उचलला. उघडतो तर काय, दाढी केलेली, भांग पाडलेला, गळ्यात टाय.

"जिवंत आहे, मास्तरीणबाई. अजून तरी," म्हणाला.

मी म्हटलं, मग चकती फिरवायला काय झालं होतं? म्हणाला, विसरलो बघ. चहा घेतेस? किटली आत्ताच उतरवली. मी म्हटलं, अकरा माणसं गारठतायत बाहेर, आणि आल्याची बिस्किटं असल्याशिवाय मी कुणाकडे चहा घेत नाही. उद्या बघू.

१५ मे, शुक्रवार

तलाव आम्हाला नऊ ते दहा मिळतो. चौदा जण पाण्यात. बॉब केसीला साखळदंडाने ओढून आणावं लागलं, आता बाहेर निघत नाही. पाण्यात माणसाचे गुडघे वीस वर्षांनी लहान होतात, हे मी यांना कधीची सांगतेय. सामुद्रधुनीत अठ्ठावीस किलोमीटर गेलोत.

क्लेम काठावरच्या खुर्चीत बसून बघतो. पाण्यात ये म्हटलं तर म्हणतो, मी पाववाला, भिजलो की बिघडलो. त्याला पावलं मोजायचं यंत्र कमरेला लावायला दिलंय. रोज दोनशेच्या आसपास. दोनशे पावलं म्हणजे काय, मांजर याहून जास्त चालतं. हे त्याच्या तोंडावर सांगितलं तर हसला आणि हसता हसता दम लागला. म्हणून सांगते, चाला.

२६ मे, मंगळवार

आता मात्र हद्द झाली. आजपर्यंत एक दिवस चौदा नंबरची चकती हिरवी असेल तर शपथ. रोज दार वाजवा, रोज वाट बघा, रोज तोच टाय आणि तेच "जिवंत आहे". आज म्हणे, आल्याची बिस्किटं आणलीत, मास्तरीणबाई. मी म्हटलं, तूच खा, मला नऊला तलाव गाठायचाय. मागे ग्लेनिस ओरडत होती, नोएलीन, माझी बोटं गळून पडली. खरंच उशीर होतो.

टेबलावर दोन कप मांडलेले दिसले. बहुतेक ऑफिसातलं कुणी येत असेल त्याच्याकडे. बरं आहे, सोबत असते.

संध्याकाळी ग्रॅहमला फोन केला. मीटिंगमध्ये होता. रविवारी करतो म्हणाला.

९ जून, मंगळवार

आज जरा डोकं लढवलं. आधी का सुचलं नाही कोण जाणे. क्लेमचा रेडिओ सकाळी सातपासून चालू असतो, रस्त्यावर ऐकू येतो. रेडिओ चालू म्हणजे माणूस उठलाय. मग दार कशाला वाजवायचं? मीच चकती हिरवी केली, कागदावर खूण केली आणि पुढे झाले. आठ मिनिटं वाचली. आज पहिल्यांदा आम्ही नऊच्या ठोक्याला पाण्यात होतो.

११ जून, गुरुवार

क्लेम टपालपेट्यांपाशी भेटला. म्हणाला, मास्तरीणबाई, माझी चकती कोण फिरवतंय काही कळत नाही. मी म्हटलं, मीच. तुझाही त्रास वाचला आणि माझाही. सकाळी सकाळी टाय बांधून दारापर्यंत धावायला नको तुला.

त्याने हातातलं पाकीट खिशात घातलं. मग म्हणाला, "बरं केलंस."

किती समजूतदार आहे. दुसरा कुणी असता तर नियमांवर भांडला असता.

२३ जून, मंगळवार

कोण म्हणतं म्हाताऱ्या माणसात बदल होत नाही? क्लेमची पावलं आठशेवर गेली. दोनशेची आठशे. तीही दोन आठवड्यांत. जेवणघरात सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, टाळ्या वाजवायला लावल्या. बॉबने विचारलं, कुठे चालतोस रे, आम्हाला तर कधी दिसत नाहीस. क्लेम म्हणाला, घरातल्या घरात. सकाळीच जास्त. मी म्हटलं, घरात तर घरात, चालणं ते चालणंच.

वजनही उतरलंय त्याचं. स्वेटर अंगावर हँगरला टांगल्यासारखा दिसतो. टाय आता बांधत नाही, दाढीही दोन दिवसांची होती. मोकळा झालाय जरा, असं वाटलं.

४ जुलै, शनिवार

सामुद्रधुनी पार. दोनशे चाळीस किलोमीटर. मी स्वतः टाचणी पलीकडच्या किनाऱ्यावर टोचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. ग्लेनिसने लॅमिंग्टन केले होते, खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन, ते खोबरं सगळ्यांच्या स्वेटरवर. बॉबने पोहण्याचे चष्मे लावून भाषण केलं.

क्लेम थोडाच वेळ बसला. त्याच्या शेजारी टेकले तर म्हणाला, चाळीस वर्षं लोकांची दारं वाजवली मी. कोणत्या दारामागून कोण येणार, चपला फरफटत की पळत, आवाजावरून ओळखायचो. पाव तर दुकानातही मिळायचा गं. मी म्हटलं, खरंय, हल्ली काय, सगळं दुकानात मिळतं. तेवढ्यात मला टाचणीबरोबर फोटो काढायला बोलावलं.

एक राहिलंच. गेले दोन आठवडे त्याची चकती सकाळी आयतीच हिरवी असते. शेवटी शिकला म्हणायचा.

१३ जुलै, सोमवार

कडाक्याचं दव. बूट पांढरे झाले. सतरा जण चालायला, हा आकडा विक्रमी. मेलबर्न मागे टाकलं.

क्लेमची चकती आज पुन्हा लाल. काढली ना जुनी सवय बाहेर. रेडिओ चालू होता, मी हिरवी केली. पेपर पायरीवर भिजत पडला होता, तो उचलून दाराजवळच्या बाकावर ठेवला. नऊला दोन मिनिटं कमी असताना आम्ही तलावावर.

१४ जुलै, मंगळवार

क्लेम गेला.

१६ जुलै, गुरुवार

लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

मंगळवारी सकाळी चकती हिरवी होती. मी सोमवारी फिरवली तशीच. रेडिओ चालू. कागदावर खूण करायला पेन टेकवलं आणि बाकावर सोमवारचा पेपर दिसला, मी ठेवला तिथेच. मंगळवारचा पायरीवर. मी दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. ग्लेनिस टेगनकडे पळाली, ती किल्ली घेऊन आली.

स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये पडला होता. दाराकडे तोंड करून. खुब्याचं हाड मोडलेलं. टेबलावर दोन कप पालथे घातलेले आणि बशीत आल्याची बिस्किटं, मऊ पडलेली. क्लेमला कवळी होती. असली बिस्किटं त्याला चावायचीच नाहीत.

डॉक्टर टेगनला म्हणाले ते मी ऐकलं. पडला तो रविवारी संध्याकाळी. गेला सोमवारी, दुपारच्या आसपास. रेडिओ रविवारपासून तसाच चालू राहिला असणार.

म्हणजे सोमवारी साडेआठला तो जिवंत होता. मी दारापाशी उभी होते. मध्ये फक्त दार होतं.

आणि चकती लाल होती. तीन आठवडे त्याने ती हिरवीच ठेवली होती, रात्रंदिवस; संध्याकाळी जाता-येताही मला हिरवीच दिसायची. मी वेडी म्हणत होते, शिकला. रविवारी बरं वाटेना म्हणून त्याने ती लाल केली असणार. आम्हाला सगळ्यांना ज्यासाठी ती दिलीय, त्यासाठीच. आणि मी येऊन हिरवी केली.

१८ जुलै, शनिवार

टेगनकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. आज पहिल्यांदा ती माझ्याशी हळू आवाजात बोलली. म्हणाली, नोएलीन, सोमवारची हिरवी खूण कागदावर आहे. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या मुलीला माहीत नाही, तिला वाटतंय, वडिलांनी सकाळी उठून चकती फिरवली, मग पडले आणि लगेच गेले. तिला तेवढाच आधार आहे. तो काढून घेऊन काय मिळणार? तू गप्प बस. तुझ्याही भल्याचं आहे.

गप्प बसायला मला कुणी सांगावं लागलं, असं आजवर झालेलं नाही. पण घरी आले आणि दिवसभर गप्पच होते.

२० जुलै, सोमवार

मुलगी आलीय पर्थहून. लिनेट. क्लेमचेच डोळे. मला मिठी मारली आणि म्हणाली, तुम्हीच ना त्या मास्तरीणबाई? बाबा फोनवर तुमच्याबद्दलच बोलायचे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

म्हणाली, एवढंच बरं झालं, त्यांना फार वेळ पडून राहावं लागलं नाही. सकाळी चकती फिरवली होती ना त्यांनी. मी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. नुसती हलवली.

फेरीला गेले नाही. ग्लेनिसकडे कागद दिला.

२२ जुलै, बुधवार

अंत्यविधी झाला. गावातली किती माणसं आली होती, कुणाकुणाच्या आयांना त्याने पाव दिलेला. नंतर चहापाणी जेवणघरात, नकाशाखालीच. लिनेट भांडी आवरायला आतल्या स्वयंपाकघरात आली तेव्हा आम्ही दोघीच होतो. माझ्या हातात फडकं होतं.

मी सांगून टाकलं. एका दमात, सोमवारची लाल चकती, पेपर, रेडिओ, सगळं. म्हटलं, तुझे वडील तेव्हा जिवंत होते आणि मी दार वाजवलं नाही. आठ मिनिटं वाचवायला.

नळ चालू होता, तो तिने बंद केला. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "मे महिन्यात मी त्यांना विचारलं होतं, बाबा, ती चकती का हो विसरता रोज? तर म्हणाले, विसरतो कुठे? फिरवली तर ती दार वाजवणार नाही."

मी खाली बसले. म्हातारपणी खुर्ची कुठे आहे ते न बघता बसू नये, तशी बसले.

लिनेट म्हणाली, मी तेव्हा हसले होते. म्हटलं, बाबा, मग चहा तरी पाजा तिला. ते म्हणाले, उद्या येते म्हणालीय. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, कधी घेतला होता का चहा?

मी नाही म्हटलं. ती फडकं घेऊन कप पुसायला लागली. मला म्हणाली, तुम्ही जा आता. रागाने म्हणाली की नुसतीच, मला कळलं नाही. मी गेले.

२७ जुलै, सोमवार

लिनेट परत गेली. जाताना माझ्या टपालपेटीत एक पाकीट टाकून गेली. आत क्लेमची वही, पावलांची. त्याने रोजचा आकडा नीट लिहून ठेवला होता, आणि पुढे चालण्याची वेळ. मे महिन्यात: दोनशे दहा. एकशे नव्वद. दोनशे पाच. ९ जूनपासून: चारशे. सहाशे वीस. आठशे चाळीस. वेळ सगळीकडे एकच, सकाळी आठ ते नऊ.

स्वयंपाकघरापासून दारापर्यंत किती पावलं होतात ते माझ्या घरात मोजून बघितलं. घरं सगळी एकाच मापाची आहेत. अकरा.

याला मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

वहीत चिठ्ठी नव्हती. तिने काही लिहिलं असतं तर ते मी वाचू शकले असते का, माहीत नाही.

३ ऑगस्ट, सोमवार

टेगनने सूचना लावलीय. दुसऱ्याची चकती कुणीही फिरवायची नाही. लाल म्हणजे दार वाजवायचं, आतून आवाज येईपर्यंत हलायचं नाही. मीच लिहायला लावली. खाली माझं नाव घाला म्हटलं होतं, ते तिने घातलं नाही.

घोळका चालू आहे. ग्लेनिस पुढे असते. टाचणी आता वाळवंटाच्या तोंडाशी. बॉब दोनदा बोलवायला आला, म्हणाला, तुझ्याशिवाय पाण्यात कुणी शिव्या देत नाही, मजा येत नाही. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. पाण्यात गुडघे लहान होतात म्हणालीस की, म्हणाला. मी दार लावून घेतलं.

रविवारी ग्रॅहमचा फोन आला नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सहालाच जाग आली. आंघोळ केली, केस विंचरले, निळा ब्लाऊज घातला. कुठे जायचं नव्हतं. किटली ठेवली. दोन कप काढले. का काढले ते लिहायला नको.

चकती फिरवली नाही.

आठला टेबलाशी बसले. सव्वाआठला उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा गेले. बाहेर कुणी बोललं की वाटायचं, आलेच. टपालवाला होता, मग कुणाचा तरी कुत्रा. मला वाटलं होतं, वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं. बसवत नाही माणसाला.

आठ बत्तीसला ग्लेनिसचा आवाज आला, मग सगळ्यांचे बूट. माझ्या दाराशी थांबले. कुणीतरी म्हणालं, लाल आहे. आणि ग्लेनिसने दार वाजवलं, तीनदा, चांगलं जोरात.

मी उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बघून तिने श्वास सोडला.

"जिवंत आहे, ग्लेनिस," मी म्हटलं. "चहा घेतेस? किटली आत्ताच उतरवली."

तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. बाई वाईट नाही, मनापासून चांगली आहे. माझा दंड धरून हलकेच दाबला. मागे पंधरा-सोळा जण पाय आपटत उभे होते आणि बॉब म्हणत होता, नऊ वाजतायत.

"उद्या घेते," ग्लेनिस म्हणाली. "नक्की."

मी म्हटलं, बरं. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिले. चकती हिरवी केली. दुसरा कप वापरला नव्हता, तरी धुऊन पालथा घातला.